बारा दिवसांची मासळी

—नाही, नाही मॅडम, आत्ताच काटा लावू नका. दोन मिनिटं. वाफ जाऊ दे, मग. तुम्ही विचारताय, नोकरीसाठी एका प्लेटीच्या ट्रायलला बारा दिवस कशाला — सांगतो ना. ही मासळी नॉर्वेची, कॉड, तिकडे थंडीत उघड्यावर टांगून सुकवतात, मीठसुद्धा लावत नाहीत. येते तेव्हा लाकूडच. मग पाच दिवस साध्या पाण्यात, रोज पाणी बदलायचं. मग दोन दिवस लायमध्ये — लाय म्हंजे कॉस्टिक सोडा — हो, तोच, तुंबलेल्या मोरीत टाकतात तो — त्यात ती फुगते, काचेसारखी होते. आणि मग परत पाच दिवस साधं पाणी, परत रोज बदलायचं, तोवर ती खायची नसते. झाले बारा. तुमचा शेफ अजून ओस्लोहून आलेला नाही, मग पाणी कोण बदलणार? मी. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतून पहाटे निघतो, अबूधाबीची बस पकडतो, इथे अल रीमला येऊन टब रिकामा करतो, भरतो, परत जातो. तुमचा सिक्युरिटीवाला कमरुद्दीन रोज विचारतो, "दत्तारामभाई, मछली को नहलाने आये?" विचारू दे. हे त्याचं काम नाही आणि दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी हे सोडत नाही.

तुम्ही पुण्याच्या ना? आडनावावरून वाटलंच. आम्ही दाभोळकडचे. सुकी मासळी म्हंजे आमच्या पोटातच आहे — बोंबील, सोडे, सुका बांगडा — आईने घटकाभर पाण्यात टाकलं, चोळून धुतलं, कोकम घातलं की झालं कालवण. म्हणून दोन हजार आठच्या ऑक्टोबरात दुबई मरीनाला ते पहिलं नॉर्वेचं हॉटेल उघडलं तेव्हा शेफने मला टबावर लावला. टोर शेफ. माणूस मोठा कलाकार हां. जुनं तिकडचं खाणं, पण मॉडर्न टच — मासळीचा एवढासा चौकोन, काळ्या दगडावर, बाजूला वाटाण्याची हिरवी रेघ, वर बीफ बेकनचा चुरा, कारण डुकराचं इथे चालत नाही. तिकडचं ब्राऊन चीज उंटिणीच्या दुधाचं करून बघितलं त्याने! गिऱ्हाईक फोटो काढायचं, अर्धं टाकायचं. एकशे साठ दिरहमची प्लेट, तेव्हाचे दोन हजार रुपये, आणि मी मागच्या दाराशी उभा राहून मनात म्हणायचो, ह्याला सुकी मासळी काय कळतेय? मला शिकवतोय! माज होता मला, खरं सांगतो. त्याचं माझ्याशी एकाच गोष्टीवरून वाजायचं — सोमवारी मी मासळी चाखायचो नाही. शिजवायचो, सजवायचो, पण तोंडात घालणार नाही. लहानपणापासून सोमवार पाळायचो. तो म्हणायचा, दत्ता, जो चाखत नाही तो कुक नाही. मी हसायचो.

काय? हां, माझ्या नोकऱ्यांच्या यादीतली ती गॅप. फेब्रुवारी नऊ ते एप्रिल दहा. तुम्ही बरोबर तिथेच पेन ठेवलंत. गावी होतो. घरगुती अडचण — असंच लिहा. हॉटेल बंद झालं होतं ना. तेव्हा सगळंच बंद होत होतं. एका शनिवारी शेफचा फोन बंद, मालकाचा फोन बंद, आम्ही कामावर गेलो तर वीज तोडलेली. दोन दिवसांनी मागच्या दाराने आत शिरलो तर चिलरमध्ये सगळं नासलेलं — मटण, लोणी, तो वास अजून — जाऊ दे. नासला नव्हता तो एकटा टब. बारा किलो मासळी, पांढरी, घट्ट, जशी ठेवली तशी. लायमध्ये कुठला किडा जगणार? पण बघताना वाटतं, वा, चांगलीच राहिली की.

इंटरनॅशनल सिटीत एका खोलीत आम्ही नऊजण. मेसवाल्याने डबा आधीच बंद केलेला, चार दिवस खुबूसच्या रोट्या आणि चहा. त्यात मिथुन होता — माझा मेहुणा, कावेरीचा धाकटा भाऊ, कावेरी म्हंजे माझी बायको. मीच आणलेला त्याला इथे. साइटवर टाइल बसवायचा, त्याची साइट तर आमच्याही आधी बसली. अंगाने आडवा, भूक दांडगी, पण माझ्यासमोर कधी भूक लागली म्हणाला नाही. मी ती मासळी पिशव्यांत भरून आणली. टबावर काही लिहिलेलं नव्हतं, मॅडम. शेफने पट्टी लावायला हवी होती, कितवा दिवस, लाय की पाणी — लावली नाही. शेफची चूक. मी सगळ्यांना हेच सांगितलं, गावीसुद्धा.

तीन पाण्यांनी धुतली. गरम पाण्याने. चोळून. आई धुवायची तशी. मिठाने चोळली. हाताला बुळबुळीत लागत होती, साबणासारखी, मला वाटलं फुगलीय म्हणून. भरपूर कोकम, भरपूर मसाला, खोलीभर घरचा वास — जमाल उठून बसला, रफिकने भात चढवला. सगळे हसत होते हो! इतक्या दिवसांनी. आणि पहिली थाळी मी मिथुनला दिली. माझ्या बायकोचा भाऊ तो, त्याला आधी. मी चाखली नाही. सोमवार होता.

तो पटापट गिळत होता. भुकेला माणूस चावत नाही. म्हणाला, "दाजी, तिखट जरा जास्त झालंय." मी म्हटलं, "खा रे, मुंबईचा झालास काय?" आणि तो खात राहिला. दाजीने केलंय म्हणून. डोळ्यांतून पाणी, तरी खात राहिला, अर्धी थाळी. मग जमालने बोट लावून जिभेवर ठेवलं आणि थुंकला, ओरडला, तेव्हा कुठे — तोवर मिथुनचे ओठ पांढरे झाले होते.

मेला नाही तो तेव्हा. तेच तर. हॉस्पिटलवाल्यांनी जीव वाचवला, पण अन्ननलिका आतून भाजली, आखडत गेली. गावी घेऊन गेलो. भात नाही, भाकरी नाही, शेवटी पेज, तीही गाळून, कावेरी चमच्याने थेंब थेंब सोडायची. हातातून निसटेल एवढासा झाला होता. आणि माझ्याकडे बघून हसायचा, म्हणायचा, दाजी, बरं झालो की परत तुमच्या हातचं कालवण. गणपतीच्या आधी आठ दिवस गेला. कावेरी अजून त्या शेफला शिव्या घालते, कुठे असेल त्याचं वाटोळं होवो म्हणते. मी ऐकतो. रोज फोनवर ऐकतो. पट्टीवर माझंच अक्षर असताना मी —

नाही. काय म्हणालो मी?

बरं. होती पट्टी. निळी. "लाय, दुसरा दिवस." मीच लिहिलेली, शुक्रवारी. वाचली मी पिशव्या भरताना. मला वाटलं, पाच दिवस पाणी हे गोऱ्यांचे नखरे — सुकी मासळी ती, तीन पाण्यांत साफ होते. मला कोण शिकवणार? पट्टी सोलून खिशात घातली. का घातली? माझ्याबरोबर पिशव्या उचलायला आलेला रफिक वाचेल आणि खाणार नाही म्हणेल, म्हणून. आणि नंतर तीच पट्टी मी संडासात टाकून पाणी सोडलं. हे फाईलमध्ये लिहू नका, मॅडम. कावेरीला हे — कुणालाच — चार वर्षांत मी तोंडातून काढलं नव्हतं. तुम्ही गॅप विचारलीत म्हणून.

आता निवली असेल. हा बघा कागद, ह्याने पाणी तपासतो मी, रंग बदलत नाही म्हंजे साफ. काल पाच वेळा तपासलं, आज सकाळी परत. माझा व्हिसा अठ्ठावीसला संपतोय, इथे झालं नाही तर कावेरीसमोर जाऊन बसायचं, रोज, समोरासमोर — म्हणून मन लावून केलीय. थांबा. आधी मी. माझ्या हातचा पहिला घास मीच खातो आता. आज सोमवारच आहे. चार वर्षं झाली, सोमवार सोडला. — हं. मऊ आहे. मीठ बरोबर. घ्या.

घ्या ना.

फक्त एक घास. अहो, मी खाल्ला ना तुमच्यासमोर.

बरं. काटा खाली ठेवलात, मी समजलो. नाही, नाही, सॉरी कशाला म्हणता, मीही नसती खाल्ली. फाईल राहू द्या तुमच्याकडे, नाहीतर फाडा. हा ॲप्रन तुमचा, घडी करून ठेवतो. पाच पन्नासची बस मिळेल अजून. यल्ला, निघतो. आणि मॅडम — आत डाव्या हाताचा दुसरा टब आहे ना, त्याला अजून चार दिवस पाणी लागेल. रोज बदलायला सांगा. पट्टी लावलीय मी, तिन्ही बाजूंनी.