अकरा मतांची वस्ती

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे आधारस्तंभ, लोकप्रतिनिधी आदरणीय साहेबरावदादा; सत्कारमूर्ती, राज्यशास्त्राचे प्राध्यापक डॉ. अंगद गाढे सर आणि त्यांच्या पत्नी कौसल्याताई. व्यासपीठावरील मान्यवर, आणि एवढ्या उन्हात आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी इंद्रायणी, सरांची विद्यार्थिनी. राहणार माळवस्ती. जाफराबादच्या स्टँडवर विचारलं, तर लोक म्हणतात, "मेंढरंवाल्यांची का?" हो, तीच.

सरांच्या संशोधनावर बोलायची आज्ञा झाली आहे. माणूस मत कुणाला देतो, का देतो, अन् का देत न्हाई, हे सरांनी आयुष्यभर चपला झिजवून शोधलं. आमच्या दारी आल्ते, तेव्हा त्यांनी माझ्या मायला विचारलं, "मालनबाई, मतदानाला का जात नाही?" माय म्हणली, "केंद्र खालच्या गावात, पाच किलोमीटर. मी गेल्यावर मेंढरं कोण पाहील? तुम्ही?" सरांनी खरंच पाहिली हो! एका हातात कोकरू, दुसऱ्या हातानं लिहून राह्यलेत. असा प्राध्यापक कुठं मिळेल?

सरांनी अहवाल दिला, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, अन् वस्तीच्या शाळेत आमचं स्वतःचं मतदान केंद्र आलं. आम्ही पेढे वाटले. म्हाताऱ्या बाया नवी लुगडी नेसून रांगेत. सरांच्या निबंधाचं परदेशात कौतुक झालं. केवढा अभिमान वाटला आम्हाला!

पण प्रत्येक केंद्राचं मशीन वेगळं मोजतात, हे कुणाच्याच ध्यानात आलं न्हाई. आमच्या न्हाई अन् सरांच्याही न्हाई. आधी आमची मतं खालच्या गावाच्या मतांत मिसळून जायची. गेल्या निवडणुकीत माळवस्तीचं मशीन उघडलं, अन् दादांना निघाली अकरा.

दादा, तरीही आपण निवडून आलात, त्याबद्दल पुन्हा एकदा मनःपूर्वक अभिनंदन.

मंग काय झालं? त्या अकरा मतांचे मालक सव्वाशे निघाले! जो तो छातीला हात लावून म्हणतो, "मीच त्या अकरातला." हसा, आम्हीही हसलो होतो. मंग पाण्याचा टँकर खालच्या गावातच रिकामा होऊ लागला. माझे वडील, धुळाजी, टोपी हातात घेऊन दादांच्या बंगल्यावर गेल्ते. "मी अकरातला, साहेब." तिथं एकजण म्हणला, "म्हाताऱ्या, तू बारावा." निम्मी मेंढरं विकली आम्ही. माय अजून खालून हंडे आणती. जीव नकोसा झालाय हो!

दादा घड्याळ पाहू राह्यलेत, आवरते. पुढची निवडणूक तोंडावर आली. वस्तीवर कुणी म्हणतं, मुकाट्यानं दादांचं बटन दाबू. कुणी म्हणतं, मतदानालाच जाऊ नका. पण शून्यसुद्धा दिसतंच की! लपायचं कुठं?

सर, मान खाली घालू नका. तुम्ही भलं करायला गेल्तात. पण उद्या तुम्ही पुण्याला लेकाकडे निघालात, अन् केंद्रांच्या यादीवर हरकत घ्यायची मुदतही उद्याच संपती. माझं तहसीलात कोण ऐकणार? ते म्हणतात, "गाढे सरांनीच तर केंद्र मागितलंय." मंग सर, तुम्हीच चला. तुमचा अहवाल चुकला, वस्तीचं केंद्र परत खालच्या गावात न्या, असं तुमच्या तोंडानं सांगा. ही शाल-श्रीफळं घरी ठेवा अन् सकाळी माझ्यासोबत चला. पाया पडते. वडील म्हणतात, "पोरी, पाच काय, दहा किलोमीटर चालू, पण आम्हाला गर्दीत मिसळव."

आयोजकांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलं, ऋणी आहे. निरोपाच्या दिवशी हे बोलायला नको होतं, कळतं मला. सर, क्षमा करा. अन् दादा, माझं काही चुकलं असेल, तर शिक्षा मला द्या. हे मत माझं एकटीचं आहे, सगळ्यांसमोर दिलंय. वस्तीच्या खाती मांडू नका.