आपला बिल्ला आपल्या हाताने

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या परिषद कार्यालयाचे प्रमुख श्री. ओद्वार हेलँड, बोगद्याचं काम सोडून मुद्दाम बर्गनला आलेले तिथले व्यवस्थापक श्री. शेतिल ब्रेक्के, आज निवृत्त होणाऱ्या आणि 'नको नको' म्हणत शेवटी व्यासपीठावर बसलेल्या सत्कारमूर्ती श्रीमती सोलफ्रीद रोयर्विक, आणि समोर बसलेले सर्व वाटाडे, बसचालक व सहकारी,

एरवी मी सोलफ्रीदला एकेरीच हाक मारतो. आज कागदावर 'त्या' असं लिहून आणलं आहे, तेव्हा त्यांनी कृपया हसू नये. हसल्याच. असो.

मी एंद्रे. तंत्रशाळा मी दुसऱ्या वर्षी सोडली. परीक्षेचा कागद कोराच देऊन यायचो. गेली सहा वर्षं मी इथे बोगदे बांधणाऱ्यांच्या परिषदेला येणाऱ्या पाहुण्यांच्या एकदिवसीय सहलींच्या याद्या करतो. सकाळी साडेसातला बस, धबधब्यापाशी छायाचित्रं, तपकिरी चीज घातलेली वाफल, आणि दुपारी वीज प्रकल्पाचा बोगदा. धबधबा आणि वाफल कोणीही दाखवील. बोगदा मात्र सोलफ्रीदनेच दाखवावा!

का? बावीस वर्षं त्या याच डोंगरांत सुरुंग लावत होत्या. बाई आत आली तर अपशकुन होतो, असं म्हणणारे म्हातारे तेव्हा कामावर होते. आज बोगद्याच्या तोंडाशी डॉक्टरेटवाल्यांसमोर उभ्या राहून त्या सांगतात, "तुम्ही डोंगर शिकलात. मी फोडला. चला, आता बरोबर आत जाऊ." एका स्विस इंजिनिअरने विचारलं होतं, "बाई, इथला खडक कसा आहे हो?" उत्तर आलं, "हट्टी आहे. पण खोटारडा नाही." त्याने ते वहीत लिहून घेतलं. मी स्वतः पाहिलं.

अध्यक्ष महाशय, सोलफ्रीदनंतर ही सहल मी न्यावी, असं पत्र तुम्ही मला पाठवलंत. उत्तर समारंभात देतो, असं मी म्हणालो. तुम्हाला वाटलं, मी लाजतोय. लाजत नव्हतो. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: 'मागच्या सप्टेंबरमधला प्रकार पाहुण्यांना सांगू नये.' त्या ओळीपाशी मी अडलो आहे.

तो प्रकार सगळ्यांना अर्धाच माहीत आहे. पुरा सांगतो.

बोगद्याच्या तोंडाशी लाकडी फळा आहे. आत जाताना प्रत्येकाने आपला नंबर घातलेला पितळी बिल्ला 'आत'च्या बाजूला लावायचा, बाहेर आलं की 'बाहेर'च्या. सोलफ्रीदचा पहिला नियम असा, की आपला बिल्ला आपल्या हाताने. दुसऱ्याच्या बिल्ल्याला बोट लावायचं नाही. 'आत'ची बाजू रिकामी दिसली, की पुढचा सुरुंग उडवायला मोकळीक.

त्या दिवशी अडतीस पाहुणे होते, वर ओला बर्फ पडत होता आणि आम्हाला वीस मिनिटं उशीर झालेला. संध्याकाळी सात वाजता परिषदेचं मोठं जेवण. बोगद्यातून बाहेर येताना फळ्यापाशी गर्दी झाली, आणि मी म्हणालो, "तुम्ही बसमध्ये बसा, बिल्ले मी लावतो." अडतीस बिल्ले मी 'बाहेर'च्या बाजूला क्रमाने, ओळीत लावले. माणसं मोजली नाहीत. बिल्ले मोजले. बरोबर भरले.

सोलफ्रीद सगळ्यात शेवटी आल्या, त्यांनी आपला बिल्ला लावला. 'फळा रिकामा' असं मी कळवलंही, तेवढ्यात फळ्याकडे बघून त्या थांबल्या. माणसं कधी इतकी नीट बिल्ले लावत नाहीत.

"एंद्रे, हे कोणी लावले?"

"मी."

"सगळे?"

"घाई होती म्हणून..."

"तोंडं बघून लावलेस?"

मी बिल्ले पुन्हा मोजायला लागलो. त्यांनी वॉकीटॉकी उचलला. "शेतिल, पाच वाजताचा सुरुंग थांबव."

"अगं, फळा रिकामा आहे म्हणून कळवलंय मला! दहा मिनिटं राहिलीत!"

"फळा खोटं बोलतोय. थांबव."

यावर श्री. ब्रेक्के काय म्हणाले, ते या सभागृहात सांगण्यासारखं नाही. पण त्यांनी सुरुंग थांबवला. मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

मग सगळे पाहुणे बसमधून पुन्हा खाली उतरले. ओल्या बर्फात रांग लावून एकेकाने आपला बिल्ला आपल्या हाताने लावला. सतरा नंबरला कोणीच आलं नाही. ऑस्ट्रियाचे प्राध्यापक हिंटरमायर. वय चौऱ्याहत्तर.

तेवीस मिनिटांनी ते सापडले. सुरुंगाच्या जागेपासून दोनशे मीटरवर, बाजूच्या कोनाड्यात, कानात बोळे घालून खडकातल्या भेगेचं चित्र काढत बसले होते. बोळे काढून म्हणाले, "काय, निघायचं?"

"निघायचं," सोलफ्रीद म्हणाल्या. "घरी वाट बघत असतील तुमची."

मी सोलफ्रीदना बसमागे गाठलं. "मला काढून टाक," म्हटलं.

"तुला काढलं तर नवा येईल," त्या म्हणाल्या. "ही चूक त्याने अजून केलेली नसेल. मला ती एकदा केलेला बरा. पण आधी बसमध्ये जा आणि सांग."

ध्वनिक्षेपक हातात धरून मी सांगितलं. मी काय केलं, का केलं, सगळं. मग मागच्या सीटवरून एक फिनलंडचे इंजिनिअर म्हणाले, "आमच्याकडेही असंच झालं होतं. फरक एवढाच, की आमच्याकडे फळा कोणी पुन्हा पाहिला नाही."

त्यानंतर दुसरे बोलले, मग तिसरे. तीन दिवस परिषदेत सगळ्यांनी आपापलं यश पडद्यावर दाखवलं होतं. परतीच्या दोन तासांत मात्र प्रत्येकाने आपली चूक सांगितली, आणि इतर लिहून घेत होते. जेवण गार झालं. कोणाची तक्रार आली नाही. अध्यक्ष महाशय, तक्रारींची फाइल माझ्याकडेच असते!

अशी सहल जगात दुसरी कुठे होते, मला माहीत नाही. ती आपल्या कार्यालयाची होती, याचा मला अभिमान वाटतो. आणि ती सोलफ्रीदची होती, याचा तर फारच.

तेव्हा माझं उत्तर. सहल मी नेईन. पण आत पाऊल टाकण्यापूर्वी हा प्रकार पाहुण्यांना सांगेन, माझ्या नावासकट. ते चालणार नसेल, तर मला याद्यांवरच ठेवा. अध्यक्ष मान हलवताहेत. होकार आहे की नकार, इथून नीट दिसत नाही. भाषण संपलं की विचारीन.

सोलफ्रीद, त्या दिवशी तू मला बसमध्ये पाठवलंस. तुझे आभार मानायला मला इतके महिने लागले. आज मानतो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आपलाही आभारी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर क्षमा असावी, असं म्हणून खाली बसण्याची रीत आहे. माझी विनंती थोडी वेगळी आहे. चुकलं असेल, तर आधी सांगा. क्षमा मग करा.