भिवाजीचा अंगठा

ऐका, लाइट काही दहाशिवाय येत नाहीत. सरका जरा, रेवाला भिंतीला टेकून बसू दे. आणि मधेच कुणी उठायचं नाही, माझा धागा तुटतो.

माझ्या माहेरी टेकडीमागं वेड्यांचं इस्पितळ होतं, गोऱ्या सायबाच्या वेळचं. माझे पणजोबा भिवाजी तिथं वॉर्डर. आता वेडे म्हणजे सगळे मारकुटे नव्हते हो. कुणी पोर गेलं म्हणून गप्प झालेला, कुणी नुसताच रडणारा. आणि मरायचे ते वेडानं नाही, हगवणीनं. पावसाळा लागला की जुलाब, वर पातळ पेज. त्या साली पणजोबांच्या वॉर्डातले अकरा गेले. अकरा.

तिथली रीत अशी, की दर महिन्याला एकेकाला काट्यावर उभं करायचं. वजन रत्तलात. रत्तल म्हणजे अर्ध्या किलोला थोडं कमी. वजन उतरलं की त्याला दूध, अंडं, वेगळी खाट. पण फार जणांचं उतरलं की डॉक्टर वॉर्डरवरच तडकायचा, रजा बंद करायचा. मग पणजोबा काय करायचे? मागं उभं राहून काट्याच्या फळीवर पायाचा अंगठा टेकवायचे. हळूच. काटा शंभरावर.

त्या दिवशी घरी लेकीचं बारसं होतं. सकाळी वॉर्डातला अंतू कोष्टी काट्यावर चढला. म्हणाला, "भिवाजीदादा, लेंगा कमरेला राहत नाही."

"बरा दिसतोस की," पणजोबा म्हणाले, आणि अंगठा टेकवला. रजा मिळाली.

दिवेलागण झाल्यावर निघाले. जवळची वाट माळावरून, जिथं इस्पितळातले बेवारशी पुरायचे. निम्म्यात आले तर कुणीतरी वाटेत बसलेलं.

"दादा, पाय चालत नाहीत. पाठीवर घेता का?"

अंधारात चेहरा दिसेना. माणुसकी म्हणून घेतला. तर काय सांगू, सुपाएवढा हलका.

चार पावलांवर त्यानं कानाशी विचारलं, "किती भरतो हो मी?"

तोंडाला सवयच ना. "शंभर. बरा आहेस."

म्हणाले मात्र, आणि शंभर रत्तल पाठीवर बसले. गुडघे वाकले. तेवढ्यात मागून दुसरा गळ्याला लोंबला. "आणि मी?" भीतीनं दुसरं काही सुचेना. "शंभर." मग तिसरा. चालतायत, चालतायत, आणि वाटेवरचा मघाचाच लिंब पुन्हा समोर. तीनदा तोच लिंब. छाती दाबली, श्वास पुरेना. पाय अडखळला तर पुढं ताजा खड्डा, रिकामा.

"हा कुणाचा?"

"अंतूचा," पाठीवरचा म्हणाला. "सकाळी तुम्हीच खणलात की."

तेव्हा पणजोबांना तो अंगठा आठवला. ऐकताय ना? तिथंच मातीत बसले नि म्हणाले, "अंतू अठ्ठ्याहत्तर. वरचे बावीस माझ्या अंगठ्याचे."

तेवढं खरं बोलताच पाठीवरून एक उतरला. पाठीवरचे म्हणजे त्यांच्याच वॉर्डातले मेलेले, त्यांचे खरे आकडेही त्यांना पाठ होते, आधी काटा बघूनच अंगठा ठेवायचे ना. "तू चौऱ्याहत्तर. तू एकोणसत्तर." म्हणत गेले, पाठ हलकी होत गेली.

उठले ते घराकडं नाही, उलटे इस्पितळाकडं पळाले. डॉक्टरला उठवून सगळं ओकले. नोकरी गेली. बारसं बापाविना झालं. पण अंतूला त्याच रात्री दूध सुरू झालं, आणि तो जगला. सहा महिन्यांनी इस्पितळातल्या मागावर विणलेलं कुंचीचं कापड त्यानं बाळाला पाठवलं. लहानपणी ती कुंची मीही घातलीय. पणजोबांचा अंगठा मात्र काळा पडला तो मरेपर्यंत तसाच.

म्हणून सांगते, त्या माळावरून अंधाराचं जाऊ नका. इस्पितळ कधीच पडलं, पण विचारणारे अजून विचारतात. आणि कुठंही कुणी आजाऱ्यानं विचारलं, मी कसा दिसतो, तर उगाच बरा दिसतोस म्हणू नका.

आले बघा लाइट. रेवा, तू थांब. मघाशी फोनवर आईला सांगत होतीस, मी अगदी मजेत आहे. ऐकू येतं गं मला, भिंत एकच आहे आपली. बांगड्या कोपरापर्यंत सरकतायत तुझ्या, आणि आम्ही सगळ्या महिनाभर म्हणतोय, काय छान बारीक झालीस.

सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. काट्यावर तू उभी राहा. मी लांब उभी राहीन, माझे दोन्ही पाय तुला दिसतील अशी.