अर्धा तास मागचं शहर

— अबे तिथी नको बसू ना बाबू, तिथी कूलरचं पानी उडते अंगावर. इकडं ये, या खुर्चीवर बस. जय भीम, जय भीम — झालं ना ते दारातच. तू प्रफुल. नागभीडचा. तुले पाह्यल्याबरोबर वळखलं मी. माह्या राजदीपचा फोन आला का त्याच्या मागं शेगडीपाशी भात ढवळत तूच तर उभा राह्यचा, आन् मी इकडून ओरडायचो, 'अबे खाली लागन तुहा भात!' — आन् तू हासायचा. दोघंही एका खोलीत, एकाच गंजातला भात जेवाचे. लय बारीक झाला गा तू. प्रवासही काई कमी नाई — मॉस्को, मंग दिल्ली, मंग नागपूर, मंग हे आपली गडचांदूरची यष्टी. पानी पे. नाई? बरं, ठेव बाजूले. राजदीपची माय, केसरबाई, बाजारात गेली हाये, येईनच आता. तोवर आपन दोघं बोलू. म्हणजे मी बोलतो, तू दम खा. तुह्या तोंडावरूनच दिसून राह्यलं का तुले बोलवत नाई.

तुले हासू येईन, पण तुमच्या त्या चेल्याबिन्स्क शहराचं मले इथी बसल्या बसल्या सबन ठाऊक हाये. काईबी विचार. मी नागपूरच्या पुढं गेलो नाई कधी, दीक्षाभूमीवर जातो तेवढंच, पण त्या शहरात मले सोडून दे, मी राजदीपच्या खोलीपर्यंत बरोबर पोचतो. टेशनातून निंघालं का ट्राम — लाल डब्याची, वाजत वाजत जाते. मधून नदी, मियास तिचं नाव. थंडीत तिच्यावर मानसं चालते, बरफाले भोक पाडून गळ टाकून बसते — खोटं नाई ना हे? केसरले खरंच वाटे नाई. ती म्हणे, नदीवर मानूस चालते म्हणजे राजू थापा मारून राह्यला. आन् त्या शहराचा झेंडा! झेंड्यावर उंट! बरफाच्या मुलखात उंट कसाचा बापा? तर राजदीपनं सांगतलं, बाबा, पह्यले इथून व्यापाऱ्याचे उंट जाचे, पाहाडाच्या या अंगानं मालानं लादून. आता उंट गेले, धुराच्या चिमण्या आल्या. लोखंड, जस्त, ट्रॅक्टर, पाईप — बारा लाख मानसाचं गाव आन् जिथी तिथी कारखाना. आन् घड्याळ पाह्य — इतकं दूर गाव, पन आपल्या फक्त अर्धा तास मागं. केसर म्हणे, मंग काई दूर नाई. आपलं जेवन झालं का अर्ध्या तासानं त्याले भूक लागन, तेवढंच. ताटावरून उठली का त्या भिंतीवरच्या घड्याळाकडं पाह्यची, आन् अर्ध्या तासानं म्हणाची — बसला असन आता माहा राजू जेवाले.

धुराचं तर आमाले काई नवल नाई. तीस वर्सं सिमेंटच्या किल्नपाशी, भट्टीपाशी काढली मी. आंगनात वाळत घातलेला पांढरा कपडा आमच्या इथी पांढराच राह्यते, काळाही पांढरा होते! चंद्रपुराकडं गेलं तर कोळसा. पन राजदीप म्हणे, बाबा, इथी वारा पडला का सरकार फोनवर कळवते — आज आकाश काळं राह्यन, खिडक्या लावून घ्या. म्या म्हणलं, चांगलं हाये बेटा, सांगते तरी. आपल्या इथी कोन सांगते? हासलो दोघंही. पन मंग केसर झोपल्यावर मले वाटलं — काळं आकाश. असं आधी सांगून येनारं काळं आकाश. मले ते बोलनं आवडलं नाई.

तो तिथी कायले गेला म्हणतेत लोकं. तुले तर माहीत हाये कायले. पोट्ट्याच्या हातात वेल्डिंग होती रे. आयटीआय चंद्रपूरले केली, मंग इथीच ठेकेदारापाशी — किल्न बंद पडली का चार दिवसाचं काम, मंग घरी. घरी बसून तो आमच्या गेटले नक्षी काढे. ते पाह्य, तो मोर. जोड दिसते का तुले कुठी? नाई दिसत. तो म्हणे, बाबा, मले असा पाईप जोडाचा हाये का त्याच्यातून म्हैस उभी जाईन. तिकडं मानसं धाडनाऱ्या एजंटानं मोबाइलवर तसाच पाईप दाखवला. झालं, त्याचं सबन चित्त त्या पाईपात गेलं. आन् पह्यले जोडलेही त्यानं. पह्यला पाईप झाला त्या दिवशी त्याच्यात उभा राहून फोटो पाठवला — दोन्ही हात पसरून, तरी कडेले लागत नाई. केसरनं तो फोटो अख्ख्या गल्लीले दाखवला.

एक गोठ त्यानं मले सांगतली ती मी विसरत नाई. म्हणे, कितीक वर्सं झाले, तिथी सकाळच्या पहारी आकाशातून आगीचा गोळा आला. दगड — जळता दगड. सबन शहर उजळलं. लोकं कामधंदा सोडून खिडकीशी गेले पाहाले, पोरं शाळेतून खिडकीशी. आन् मंग मागून आवाज आला, आन् सबन शहराच्या काचा लोकाच्या तोंडावर. राजदीप म्हणे, बाबा, उजेड पह्यले येते आन् आवाज मागून, हे इथल्या लहान लेकरालेही पाठ हाये — उजेड दिसला का खिडकीपासून दूर व्हाचं. तो दगड आता काचेच्या पेटीत ठेवला, तिकीट काढून पाहाले जाते लोकं. तुमी दोघंबी गेलते ना रविवारचे? ... हो. मले माहीत. मले सबन माहीत.

तुह्या कानाले काय झालं, प्रफुल?

राहू दे. राहू दे, मंग सांगजो. कापूस हाये का पट्टी हाये, मी पाह्यलंच नाई असं समज. त्या अंगानं कमी आयकू येते का? म्हणून तू अशी मान वाकडी करून राह्यला? मी जोरात बोलतो. अं? नाई, मले घाई नाई काई. दूध आनतो का? नको? बस मंग.

मंग ते दुसरं शेड आलं. पाईपचं काम कमी झालं म्हणे — तिथी लढाई चालू ना, पाईप घेते कोन? जुन्या लढाईतही त्या शहरानं असंच केलं होतं, ट्रॅक्टर सोडून रणगाडे बनवले, रणगाड्याचं गावच म्हणत त्याले. राजदीपनं हे मोठ्या आनंदानं सांगतलं होतं, सुरुवातीले. नंतर नाई सांगतलं. नंतर एवढंच — बाबा, मले दुसऱ्या कारखान्यात देल्लं, शहराच्या भायेर, तारेच्या कुंपनात. काय करते तिथी? भरते म्हणे. कायचं भरते? ते बोलाचं नाई, बाबा. फोन दाराशी ठेवून घेते. सुती कपडे देल्ले, पट्ट्याले लोखंडाचा बक्कल चालत नाई, जोड्याले खिळा चालत नाई. म्या म्हणलं, हे कसलं रे वेल्डरचं काम — बिना लोखंडाचं? तो हासला. तू नव्हता हासला. तू मागं भात ढवळत होता, आन् तुहा हात थांबला. मी पाह्यला तो हात थांबलेला.

होळीच्या आसपास व्हिडिओ कॉल आला. केसरच्या हातात फोन. तिनं पाह्यलं तर त्याचे हात पिवळे. हे इथून, मनगटापासून खाली पिवळे, नखं तर जर्द. केसर काय म्हणाली माहीत हाये? 'अवं माय, हळद लागली का रे तुले तिथी? कोनती गोरी पाह्यली आमाले न इचारता?' — आन् इतकी हासली, इतकी हासली का पदर डोयाले लावला. शेजारच्या बायाले हाका मारल्या, पाहा वं, माह्या राजूचे हात पिवळे झाले! राजदीपबी हासला. पन हात खाली घेतले त्यानं. मंग ती भाकर पाहाले उठली तर मले हळूच म्हणे, साबनानं जात नाई बाबा, उशीवरबी डाग पडते.

केसरचा भाऊ भद्रावतीले आर्डनन्समधी, दारूगोळ्याच्या कारखान्यात होता, माह्याच संगं रिटायर झाला. म्या त्याले सांगतलं, अशे अशे पिवळे हात. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्ना लावला. येवढंच म्हणाला — भाऊजी, त्याले म्हणा, परत ये. कायचं आहे ते, म्या विचारलं नाई. त्यानं सांगतलं नाई. म्या त्याच रात्री — नाई, दुसऱ्या दिवशी — राजदीपले म्हणलं, ये बेटा. म्हणलं ना मी! तर म्हणे, पासपोर्ट हाफिसात जमा हाये, करारावर सही वर्साची हाये, बरफ वितळू द्या, बाबा, मंग पाहू. बरफ वितळला असन ना आता?

भीमजयंतीले फोन आला नाई. हे तुले म्या मुद्दाम सांगून राह्यलो. तो कुठीबी असला, चंद्रपूरले असो का नागपूरले, बारा वाजता त्याचा जय भीम यायचाच. आमी मिरवनुकीत गेलोच नाई. केसर फोन मांडीवर घेऊन बसली — बारा वाजले, मंग साडेबारा. ती म्हणे, आता तिथी बारा वाजले, आता येईन. अर्धा तास मागं हाये ना ते. मंग एक वाजला. म्या म्हणलं, रेंज नसन वं. तेव्हापासून रोज म्हणतो, रेंज नाई. ती इतकी भोळी नाई, बाबू. पन ती मले खोटं पाडत नाई, आन् मी तिले खरं सांगत नाई, आन् घरात सैपाक होऊन राह्यला, बाजार होऊन राह्यला.

मधी एक फोन आला होता. लांबलचक नंबर, बाहेरचा. मी कापला. पुन्ना आला, पुन्ना कापला. तुहा होता का तो? ... तुहाच. मले वाटलंच. अन् साळ्यानं मले एक व्हिडिओ दाखवला, त्याच्या मोबाइलवर — त्याच शहराच्या कडेचा, लांबून कोनीतरी खिडकीतून काढलेला. आधी नुसता उजेड. मंग काढनाऱ्या मानसाचा हात हालते, आन् मंग आवाज. मंग धूर, भल्ला मोठा, झाडाच्या वरतं. कारखान्याचं नाव नाई, काई नाई. म्या म्हणलं, त्या शहरात छप्पन्न कारखाने हायेत, बारा लाख मानसं हायेत. बारा लाखात माहा एक. असं म्हणलं मी. 

मी काऊन इतकं बोलून राह्यलो, तुले समजलं असन. आमच्या इथी पोचू नावाचा गडी होता, माह्याच शिफ्टचा. वरून पडला, जागीच गेला. त्याच्या घरी सांगाले कोनं जावं? मले धाडलं. त्याची बायको शकुबाई चुलीपाशी होती. तिनं मले पाटावर बसवलं आन् बोलालेच लागली — बकरीचं, पोराच्या शाळेचं, छपराचं — तोंडच बंद करे ना. मले वाटलं, हिले काईच कसं समजत नाई? आता समजते. तिले मी आंगनात पाय ठेवला तेव्हाच समजलं होतं. जोवर ती बोलत होती तोवर पोचू जित्ता होता. मी तिले बोलू देल्लं. लय वेळ बोलू देल्लं. तूही मले बोलू देल्लं, बाबू. चांगला पोट्टा हायेस.

आता सांग. नाई — तोंडानं नको सांगू. मी विचारतो, तू नुसती मान हालव.

राजदीप नाई राह्यला?

...

हूं.

त्याच शेडमधी होता? ... आन् तू? तू भायेर होता, पानी प्याले गेला होता. बरं. बरं झालं. नाई, रडू नको, तू वाचला त्यात तुहा काई गुन्हा नाई, इकडं पाह्य माह्याकडं. माती — काई आनता येईन का? ... समजलं. नाई सापडलं काई. नको सांगू पुढचं. ते पिशवीतलं काय हाये? त्याचं जाकीट? ठेव पिशवीतच. ठेव म्हणलं ना.

आयकलं? आटो थांबला. तुले नाई येनार आयकू, त्या कानानं. केसर हाये. ऊठ. ऊठ लवकर, मागच्या दारानं निंघ, न्हानीच्या बाजूनं. ती तुले पाहीन ना, तर पह्यले विचारन, राजू जेवला होता का? आन् तू सांगशीन. आज नाई. आज तिले पोटभर जेवू दे. उद्या सकाळी ये, मोठ्या दारानं ये, आन् आल्या आल्या सांग. मी पुन्ना शहराचं काढलं तर मले गप कर. साफ गप कर. जा बाबू. ते पिशवी घे. जा ना बापा, गेट वाजलं!

— आलो वं, आलो. दे ते थैला इकडं. लय जड हाये. ... कोनासंग? कोनासंगच नाई. एकटाच बसलो होतो.