चार तासांचा अलार्म

बोरिवलीत कुरिअरच्या रांगेत माझ्यापुढे दोघी मैत्रिणी होत्या.

“सोया मेणबत्त्या परत सुरू केल्यास, गंधाली?”

“जुनी ऑर्डर आहे गं. सासूबाई गेल्यापासून एकही वात तपासली नाही.”

“त्याच बसायच्या ना समोर?”

“हो. नवीन वात चार तास जाळायची, मग विझवायची. धूर किती झाला, मेण किती वितळलं, सगळं वहीत लिहायच्या.”

“आणि आता?”

“त्यांच्या जागेवर तेरा दिवस अखंड दिवा ठेवला होता ना? तिसऱ्या दिवशी फोनमधला वात विझवायचा रोजचा अलार्म वाजला, आणि मी सवयीने फुंकर मारली.”

“अगं बाई! कुणी बघितलं?”

“नाही.”

“मग पेटवायचा ना लगेच!”

“पेटवला गं. पण त्याआधी वहीत लिहून झालं होतं. त्यांच्याच अक्षराखाली. ‘चार तास. धूर नाही.’”