कुंकवाखालचा दिवा

गड्यांनो, मेढ्याच्या घाटात मी एका माणसापुढं हातच जोडले, त्याची गोष्ट सांगतो.

शेतातल्या चिखलातनं माझा फोर बाय फोर पिकअप, चारी चाकांना इंजिनाचा जोर लावून, भायेर काढला आन डांबरी रस्त्याला लागलो. पैलं वळण आलं आन स्टेअरिंग दगडावानी जड! दोन्ही हातांनी जोर लावला, तरी गाडी दरीकडंच निघाली. कठड्याजवळ कसाबसा ब्रेक मारला. वाटलं, स्टेअरिंग कामातनं गेलं.

तवर मागनं मेंढरं घिऊन एक म्हातारे धनगर आबा आले. वाकून रस्त्यावरच्या चाकांच्या चिखलाच्या खुणा बघत बसले.

“पोरा, पुढची चाकं लांबनं वळल्यात, मागची आतनं. पुढच्यांना जास्ती चालायचं हाय. सगळ्यांना एकाच दाव्यानं बांधलंस व्हय?”

मी गारच पडलो. चिखलात चारी चाकांना लावलेला जोर सोडायचाच राह्यला हुता!

“आवं आबा, पण मग मीटरात त्याचा पिवळा दिवा लागला असता की,” मी म्हणलं. आन तवाच ध्यानात आलं. गाडीच्या पूजेत आईनं मीटरच्या काचेला कुंकू लावलेलं, ते मी कवा पुसलंच न्हवतं. बोटानं पुसलं, तर खाली दिवा लागलेलाच!

गाडी जरा मागं घेतली, बटन फिरवून पुढच्या चाकांचा जोर सोडला. स्टेअरिंग लोण्यावानी हलकं झालं.

“आबा, किती वर्सं गाडी चालवली तुमी?”

“मी? मला यष्टीत बसलं तरी वकारी येती. जलमभर मेंढरांमागं चालतोय गड्या, वळणावर लांबनं जाणाऱ्याला जास्ती चालावं लागतं, एवढंच ठावं, दुसरं काय!”