बापानं ऐकलेली माझी पहिली धून

हार्प वाजवायला मी कॉलेज सोडलं. आयर्लंडकडचं तारांचं वाद्य. बापानं कधी ऐकलंच नाय, नुसत्या शिव्या घातल्या.

तो दुष्काळाचा उन्हाळा. बजाजनगरात टँकर येईना. बाप रोज तक्रारीचा नंबर लावून, पलीकडनं कुणी उचलेपर्यंत वाजणारी धून स्पीकरवर ऐकत ताटकळायचा. एका सकाळी मी माझी नवी धून मोबाइलवर लावून ओट्यावर ठेवली. बाप येऊन बसला. शेजारचे काका आले अन् बोलायला लागले, तर बाप खेकसला, "गप बसा, ऐकू द्या!" मला वाटलं, म्हाताऱ्याला कान आहेत तर!

धून संपली.

बाप म्हणाला, "उचललाच नाय व्हय फोन?"

काका म्हणाले, "परत लाव की."

मी लावली. दोघं पुन्हा जीव कानात आणून ऐकत बसले.